मोटारीचं गाव कोणतं?

मागच्या अंकात ब्रेक्झिटनंतर ब्रिटनच्या मोटार उद्योगाचं काय झालं, यावर अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं. त्यावरची बरीच पत्रं मकरपुरा, वाघोडिया आणि हालोलच्या पट्ट्यातून आली. बडोद्यात सुटे भाग करणारे आणि पाठवणारे मराठी लोक किती आहेत, ते यावरून पुन्हा कळलं. तारखा प्रत्येक उत्तरात नकोत म्हणून इथेच देतो. सार्वमत २३ जून २०१६ रोजी झालं. ब्रिटन युरोपीय महासंघातून ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं, पण जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिले. १ जानेवारी २०२१ पासून दोघांमधला व्यापार व सहकार्य करार लागू आहे. खाली ‘करार’ म्हटलं आहे तो हाच.

करारानुसार दोन्हीकडे आयात शुल्क शून्य आहे, कोटाही नाही. मग मोटार कंपन्यांची ओरड कशाची? (निवृत्त बँक अधिकारी, दांडिया बाजार)

शून्य शुल्क ‘ब्रिटनमधून आलेल्या’ गाडीला नाही, ‘ब्रिटिश मूळ असलेल्या’ गाडीला आहे. सगळी गोम इथेच आहे.

ब्रिटन महासंघात होतं तेव्हा ऑक्सफर्डला जोडलेली गाडी हॅम्बुर्गला गेली, तर तिच्यात कुठल्या देशाचा किती माल आहे हे विचारायला कुणी येत नव्हतं. बडोद्याचा शाफ्ट असो की जपानी गिअरबॉक्स, महासंघात शिरताना त्यावर एकदा शुल्क भरलं की तो आतलाच. तयार गाडीला आत पुढे तपासणी नाही, कागद नाही. गट सोडल्यावर तीच गाडी सीमा ओलांडते, आणि सीमेवर तिला आपलं मूळ सिद्ध करावं लागतं. पेट्रोल-डिझेल गाडीसाठी नियम असा: कारखान्याच्या दारातल्या किमतीच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त किमतीचा माल बाहेरचा नसावा. ‘बाहेरचा’ म्हणजे ब्रिटन आणि महासंघ या दोघांच्याही बाहेरचा. जर्मन गिअरबॉक्स ब्रिटिश गाडीत आतला धरतात. जपानी, तुर्की, मोरोक्कन किंवा भारतीय भाग बाहेरचे. तुर्कस्तानची महासंघाशी कस्टम्स युनियन (सामायिक सीमाशुल्क व्यवस्था) आहे आणि ब्रिटनशी वेगळा करार आहे, तरी या हिशेबात तुर्की भाग बाहेरचाच राहतो. तिघांमध्ये तीन करार असले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत.

मर्यादा ओलांडली तर महासंघाचं मोटारींवरचं नेहमीचं १० टक्के शुल्क लागतं. साध्या गाडीवर कंपनीला सुटणारा नफा पुष्कळदा याहून कमी असतो. शिवाय मर्यादेत असलात तरी ते सिद्ध करणारी कागदपत्रं ठेवावी लागतात. निर्यातदाराने चार वर्षं, आयातदाराने तीन. तपासणीत कागद निघाला नाही तर शून्य शुल्काचा दावा रद्द होतो आणि मागच्या गाड्यांची वसुली निघते. म्हणजे शुल्क शून्य झालं तरी त्याची कारकुनी शून्य झाली नाही.

हे ४५ टक्के काढतात कसे? उदाहरण घेऊन सांगाल का? (मेकॅनिकल शाखेचा विद्यार्थी, फतेगंज)

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे.

गाडीची कारखान्याच्या दारातली किंमत २०,००० पौंड धरा. बाहेरच्या मालाची मर्यादा ९,००० पौंड. आता सुट्या भागांची यादी घ्या आणि फक्त बाहेरचे भाग वेगळे काढा: जपानी गिअरबॉक्स १,२००, मोरोक्कोचं वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) ६००, आशियातून आलेले कंट्रोलर, स्क्रीन, सेन्सर २,४००, भारत-चीनची कास्टिंग आणि फोर्जिंग ९००, खास प्रतीचा पोलादी पत्रा ७००, टायर, काच आणि किरकोळ १,१००. बेरीज ६,९०० पौंड, म्हणजे ३४.५ टक्के. गाडी पास.

इंजिन कुठे गेलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते ब्रिटनमधल्याच दुसऱ्या पुरवठादाराकडून २,५०० पौंडांना येतं असं धरू. त्यात बाहेरचा माल १,१०० पौंडांचा, म्हणजे ४४ टक्के. इंजिनाची स्वतःची मर्यादा ५० टक्के आहे, तेव्हा इंजिन ‘आतलं’ ठरलं. आणि एकदा आतलं ठरलं की त्याची पूर्ण किंमत आतली धरतात, पोटातले १,१०० पौंड गाडीच्या हिशेबात येतच नाहीत. ही सवलत उत्पादकाच्या फायद्याची आहे.

पण तीच उलटतेही. समजा पौंड घसरला, किंवा पुरवठादाराने एक पंप स्वस्त म्हणून आशियातून घेतला, आणि इंजिनातला बाहेरचा माल १,३०० पौंडांवर गेला. आता तो ५२ टक्के झाला. इंजिन बाहेरचं ठरलं आणि त्याचे पूर्ण २,५०० पौंड यादीत आले. ६,९०० अधिक २,५०० म्हणजे ९,४००, म्हणजे ४७ टक्के. गाडी नापास. दोनशे पौंडांच्या फरकाने प्रत्येक गाडीमागे २,००० पौंडांचं शुल्क बसलं! म्हणून गाडीची कंपनी आपल्या पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत खोदत जाते.

बाहेरच्या मालाची किंमत मोजताना तो बंदरापर्यंत आणण्याचं भाडं आणि विमा धरून मोजतात, हे विद्यार्थी हमखास विसरतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि कंटेनरचं भाडं चढलं, तेव्हा भाग तोच आणि दर तोच असूनही टक्का वर सरकला.

विजेच्या गाड्यांना वेगळा नियम आहे म्हणे. २०२७ मध्ये काय बदलणार? (तोच विद्यार्थी)

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत बाहेरचा माल ६० टक्क्यांपर्यंत चालतो. मुळात ही ढील २०२३ अखेरपर्यंतच होती आणि २०२४ पासून मर्यादा ५५ वर येणार होती. युरोपात बॅटरीचे कारखाने वेळेत उभेच राहिले नाहीत. व्हॉक्सहॉल, प्यूजो या गाड्या बनवणाऱ्या स्टेलँटिसने ब्रिटिश संसदेच्या समितीला २०२३ च्या मे महिन्यात तसं स्पष्ट कळवलं, जर्मन कंपन्यांनीही रेटा लावला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी तीन वर्षं वाढवून घेतली. जर्मन गाड्या ब्रिटनमध्ये किती खपतात ते पाहिलं, की ब्रुसेल्सचं, म्हणजे महासंघाचं, मन का द्रवलं ते कळतं.

१ जानेवारी २०२७ पासून दोन अटी लागतात: बाहेरचा माल ४५ टक्क्यांच्या आत, आणि बॅटरी पॅक ब्रिटन किंवा महासंघाच्या मूळचाच. ३०,००० पौंडांच्या गाडीत १०,००० चा चिनी पॅक आणि ५,५०० चे इतर बाहेरचे भाग असतील, तर ते ५१.७ टक्के होतात. आज पास, २०२७ मध्ये दोन्ही अटींवर नापास. परदेशी सेल आणून निस्सानचा कारखाना असलेल्या सुंदरलंडमध्ये पेटीत बसवले तरी भागत नाही, कारण पॅकला स्वतःची कडक परीक्षा आहे आणि किंमत सेलमध्येच असते. म्हणूनच निस्सानच्या शेजारी बॅटरीचा नवा कारखाना आणि टाटांचा सॉमरसेटमधला ब्रिजवॉटर इथला ४० गिगावॉट-अवर क्षमतेचा प्रकल्प, या दोन्हींकडे तिथला सगळा उद्योग डोळे लावून आहे.

आम्ही मकरपुरा जीआयडीसीत मशिनिंग करतो. बर्मिंगहॅमकडच्या गिऱ्हाइकाला बरीच वर्षं तयार शाफ्ट पाठवतो. आता तो म्हणतो, रफ फोर्जिंगच द्या, मशिनिंग आम्ही करू. वर एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्सचा क्रमांक), किमतीची फोड, स्टीलचे कागद मागतो. आमच्यावरचा भरवसा उडाला का? (युनिटचालक, मकरपुरा)

भरवसा उडालेला नाही, तुमचं काम त्याच्या टक्क्यात बसत नाही. आकड्यांनीच पाहा.

तुमचा तयार शाफ्ट त्याला बंदरापर्यंत १६ पौंडांना पडतो. तो तिथे तपासणी, थोडं फॉस्फेटिंग (गंजरोधक थर) आणि पॅकिंग करून गाडीच्या कंपनीला २० ला विकतो. बाहेरचा माल ८० टक्के. शाफ्टची मर्यादा ५०. नापास, म्हणजे गाडीच्या हिशेबात पूर्ण २० पौंड बाहेरचे. साधी रंगरंगोटी, पॅकिंग, चाळणी-निवड असल्या कामांनी मूळ बदलत नाही, ते वेगळंच.

आता त्याने तुमच्याकडून ८ पौंडांची रफ फोर्जिंग घेतली आणि मशिनिंग तिथे केलं. बाहेरचा माल ४० टक्के. शाफ्ट ब्रिटिश ठरला, आणि गाडीच्या हिशेबात बाहेरचा शून्य. त्याच्या दृष्टीने ८० टक्क्यांचं शून्य झालं. तुमच्या दृष्टीने प्रत्येक नगामागे ८ पौंडांचं काम बडोद्यातून गेलं. गट सोडल्याचा हा फटका ब्रिटनबाहेरच्या पुरवठादाराला बसतो, आणि वर्तमानपत्रात तो येत नाही.

एक पळवाट लोक सुचवतात: ‘कोड बदलला की मूळ बदलतं, रफ फोर्जिंगचा कोड वेगळा असेलच.’ बहुधा नसतो. फोर्जिंगला शाफ्टचा आकार आला असेल, तर अपुऱ्या अवस्थेतही तो शाफ्टच्याच ८४८३ मध्ये जातो. मशिनिंगने कोड बदलत नाही, म्हणून किमतीचाच टक्का पाहावा लागतो.

तेव्हा वाटाघाटीला बसण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा शाफ्ट ज्या गाडीत जातो ती महासंघात विकली जाते का? ती ब्रिटनमध्येच किंवा अमेरिकेत खपत असेल, तर हा करार तिला लागूच नाही आणि तुमचा तयार शाफ्ट चालायला हरकत नाही. दुसरा: गाडीचा एकूण टक्का मर्यादेच्या किती जवळ आहे? ३४ वर असलेल्या गाडीला तुमच्या २० पौंडांनी काही होत नाही. खरेदी विभाग पुष्कळदा सगळ्याच पुरवठादारांना सरसकट पत्र धाडतो, प्रत्येक गाडीचा हिशेब काढत बसत नाही.

गाडी खरंच काठावर असेल तर मधला मार्ग मागा. रफ टर्निंग आणि हीट ट्रीटमेंट इथे, शेवटचं ग्राइंडिंग तिथे. भाव ९ पौंडांच्या आसपास बसला तर ४५ टक्के होतात. ४९ पर्यंत ताणू नका. भाडं वाढलं किंवा पौंड घसरला की एका महिन्यात ५१ होईल आणि पुढची ऑर्डर पुन्हा रफ फोर्जिंगची येईल. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: हीट ट्रीटमेंट इथे करून ग्राइंडिंग तिथे होणार असेल तर ग्राइंडिंग अलाउन्स (घासण्यासाठी राखलेली जाडी) आणि केस डेप्थ (वरच्या कडक थराची जाडी) ड्रॉइंगवर दोघांच्या सहीने पक्की करा. वाकलेला शाफ्ट त्यांनी जास्त घासून सरळ केला आणि केस पातळ झाली, तर दोष तुमच्या भट्टीच्या नावावर लागतो.

कागदांचं म्हणाल तर सहा अंकी एचएस कोड गिऱ्हाइकाशी लेखी ठरवून घ्या. गिअर-शाफ्ट ८४८३, पिस्टन-कनेक्टिंग रॉड ८४०९, नट-बोल्ट ७३१८, ब्रेक-ॲक्सलचे भाग ८७०८. तुम्ही एक कोड लावला आणि त्याने दुसरा, तर मूळ ठरवण्याचा नियमच बदलतो. इन्व्हॉइसवर भाव, भाडं आणि विमा वेगळे दाखवा. पार्ट नंबर आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि मूळदेश प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच हवा. रिव्हिजन बी चे सी झालं, वजन शंभर ग्रॅमनी घटलं आणि एका कागदावर जुनंच राहिलं, तर अडकायला तेवढं पुरतं. वर्णनात नुसतं ‘ऑटो पार्ट्स’ लिहू नका. स्टीलचं मिल टेस्ट सर्टिफिकेट हीट नंबरसह (ज्या ओतीतून ते स्टील आलं तिचा क्रमांक) फाइलला लावून ठेवा, फोर्जिंगवाल्याकडून आलेल्या मालावर तोच हीट नंबर पंच केलेला आहे का ते माल उतरवतानाच बघा.

आणि पॅकिंग. लाकडातली कीड मारण्यासाठी पॅलेटचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवून शिक्का मारावा लागतो, हे तुम्ही करताच. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तो शिक्का लागत नसे. १ जानेवारी २०२१ पासून लागतो. तुमचा माल ब्रिटनमध्ये उघडून दुसऱ्या पॅलेटवर चढवून आयर्लंडला जात असेल, तर गिऱ्हाइकाला हे एकदा सांगून टाका. बिनशिक्क्याच्या पॅलेटपायी चांगला माल परत फिरतो.

आमचा लंडनजवळ एका वितरकाकडे ब्रेक पार्टचा साठा असतो. तिथून तो जर्मनी-बेल्जियमला पाठवतो. आता दोनदा ड्यूटी लागते असं तो म्हणतो. खरं आहे का? (निर्यातदार, वाघोडिया रोड)

खरं आहे. भारतीय माल ब्रिटनमध्ये मोकळा केला की ब्रिटनचं शुल्क, आणि तोच पुढे जर्मनीत शिरला की महासंघाचं. मधल्या गोदामात त्यावर काही काम झालेलं नसतं, म्हणून तो ब्रिटिश होत नाही. सुट्या भागांवरचे दर बहुधा ५ टक्क्यांच्या आत असतात, पण दुय्यम बाजारातल्या (दुरुस्तीसाठी विकल्या जाणाऱ्या) ब्रेक पॅडवर मार्जिन तरी किती असतं?

यावर दोन उपाय आहेत. माल ब्रिटनमध्ये बॉन्डेड (कस्टम्सच्या देखरेखीखालच्या) गोदामातच ठेवायचा आणि शुल्क न भरता ट्रान्झिटवर पुढे काढायचा. हे तेव्हाच परवडतं, जेव्हा कुठला माल कुठे जाणार हे शेवटपर्यंत ठरत नाही. नाहीतर खंडावरचा साठा सरळ रॉटरडॅम किंवा अँटवर्पला उतरवायचा आणि ब्रिटनचा वेगळा धाडायचा. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांची विक्री देशवार मांडा. खंडावरची विक्री महिन्याला एक पूर्ण कंटेनर भरेल एवढी असेल तर साठा वेगळा करा. त्याहून कमी असेल तर सुट्या मालाचं भाडं शुल्काहून जड पडेल.

नट-बोल्ट पाठवत असाल तर आणखी एक गाठ आहे. महासंघाचा कार्बन सीमा कर (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आयात आकार) ७३१८ वर लागू आहे आणि ब्रिटन स्वतःचा वेगळा कार्बन कर जानेवारी २०२७ पासून आणत आहे. एकाच कारखान्याचा कार्बनचा हिशेब दोन दरबारी मांडायची तयारी ठेवा.

ट्रक दोन-चार तास उशिरा पोचला तर एवढं काय बिघडतं? आपल्याकडे रोज पोचतो. (स्टोअर सुपरवायझर, हालोल)

आपल्याकडे म्हणूनच तुमचं स्टोअर एवढं मोठं असतं. युरोपातल्या जोडणी कारखान्यांनी ते स्टोअर मोडून जागेवर दुसरी लाइन टाकली. होंडाने स्विंडनच्या कारखान्याविषयी ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगितलं होतं की युरोपातून रोज ३५० ट्रक माल येतो आणि लाइनवर फक्त तासाभराचा साठा असतो. सीमेवर सरसकट पंधरा मिनिटं वाढली तर वर्षाला साडेआठ लाख पौंड, असा त्यांचा हिशेब होता.

बीएमडब्ल्यूच्या मिनी गाडीच्या क्रँकशाफ्टचा प्रवास पाहिलात की हे नीट उमगतं. फ्रान्समध्ये ओतकाम, तिथून इंग्लंडमधल्या हॅम्स हॉलला मशिनिंग, मग म्युनिकला इंजिनात जोडणी, आणि इंजिन परत ऑक्सफर्डला गाडीत. इंग्लिश खाडी तीनदा ओलांडली. गाडी खंडावर विकली की चौथ्यांदा. सीमा नव्हती तोवर हा उलटसुलट प्रवास स्वस्त होता. सीमा आल्यावर प्रत्येक फेरीला डिक्लरेशन, कोड, मूळदेशाचं निवेदन. बीएमडब्ल्यूने तर ऑक्सफर्डची उन्हाळी वार्षिक सुट्टी २०१९ मध्ये एप्रिलवर आणली, कारण ब्रेक्झिट आधी मार्चअखेर होणार होतं आणि गोंधळाच्या काळात लाइन बंद असलेलीच बरी. ब्रेक्झिट लांबलं आणि सुट्टी फुकट गेली.

उपाय एकच, साठा वाढवणे. पण साठ्यात पैसा अडकतो, गोदामाचं भाडं लागतं, आणि भागाचं डिझाइन बदललं की जुना साठा भंगारात जातो. सीटसारखे अवजड भाग कारखान्याच्या शेजारीच बनतात आणि गाडीच्या रंगाच्या क्रमाने लाइनवर येतात, त्यांचा साठा करताच येत नाही. अडचण असते वायरिंग हार्नेसची. प्रत्येक गाडीच्या सोयींप्रमाणे ते वेगळं असतं आणि लाइनवर सगळ्यात आधी बसतं. ते नसेल तर गाडी पुढे सरकवून मागाहून बसवता येत नाही.

होंडाने ब्रिटनमधला कारखाना ब्रेक्झिटमुळेच बंद केला ना? (वाचक, कारेलीबाग)

कंपनीचं म्हणणं तसं नाही, आणि पुरावाही सरळ नाही. स्विंडन बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली, कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, साधारण साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. पण होंडाने तुर्कस्तानातलं मोटार उत्पादनही त्याच वर्षी थांबवलं, आणि तुर्कस्तान काही कुठून बाहेर पडलेलं नव्हतं. १ फेब्रुवारी २०१९ पासून जपान आणि महासंघाचा करार सुरू झाला होता. जपानहून गाडी युरोपात आणण्यावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने शून्य होणार, तर मग युरोपात कारखाना कशाला, हा विचार जपानी कंपनीने केला असेल तर नवल नाही.

ब्रिटनने २०१६ मध्ये १७.२ लाख मोटारी बनवल्या, २०१९ मध्ये १३ लाख, २०२२ मध्ये पावणेआठ लाख, २०२३ मध्ये ९ लाख, २०२४ मध्ये पुन्हा ७.८ लाख. या घसरणीत डिझेलचा पडता खप आहे, कोविड आहे, चिपची टंचाई आहे, विजेच्या मॉडेलसाठी लाइन बंद ठेवणं आहे. सगळं ब्रेक्झिटच्या माथी मारणं चूक. आमच्या मते ब्रेक्झिटचा ठसा उत्पादनापेक्षा गुंतवणुकीत जास्त स्वच्छ दिसतो. तिथल्या मोटार उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१५ मध्ये उद्योगाने अडीच अब्ज पौंडांची नवी गुंतवणूक जाहीर केली होती. २०१८ मध्ये ती साठ कोटींच्याही आत आली. तेव्हा ना कोविड होता, ना चिपची टंचाई. नवं मॉडेल म्हणजे सात-आठ वर्षांचा शब्द असतो, आणि नियम काय असतील हेच माहीत नसताना तो शब्द कुणी देत नाही.

निस्सानचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. २०१९ मध्ये त्यांनी एक्स-ट्रेल गाडीचं उत्पादन सुंदरलंडला आणण्याचा बेत रद्द केला. करार झाल्यावर २०२१ आणि २०२३ मध्ये त्याच जागी विजेच्या गाड्यांसाठी मोठी गुंतवणूक जाहीर केली.

एमजी ब्रिटिश गाडी. मग हालोलला बनणाऱ्या एमजीला यातला काही फायदा-तोटा? (वाचक, मांजलपूर)

नाव ब्रिटिश, मालक चिनी, आणि भारतातल्या कंपनीत आता जेएसडब्ल्यूची भागीदारी. ब्रिटनमधल्या लाँगब्रिज कारखान्यातली एमजीची शेवटची जोडणीसुद्धा २०१६ मध्ये थांबली. जनरल मोटर्सकडून घेतलेल्या हालोलच्या कारखान्यात निघणारी गाडी मूळदेशाच्या हिशेबात भारतीय. बॉनेटवरच्या बिल्ल्याला कस्टम्स विचारत नाही.

पण गट सोडल्याने काय मोकळीक मिळते, हे एमजीवरूनच छान दिसतं. महासंघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर जादा शुल्क बसवलं. एमजीच्या मालक कंपनीवर ते ३५.३ टक्के आहे, नेहमीच्या १० च्या वर. ब्रिटन महासंघात असतं तर हे आपोआप तिथेही लागलं असतं. बाहेर असल्याने लागलं नाही, तिथे १० टक्केच. ब्रिटिश गिऱ्हाईक खूश आहे. तिथल्या कारखानदाराने मात्र स्वस्त चिनी गाडीशी घरच्या अंगणात झुंजायचं, आणि खंडावर गाडी विकताना मूळदेशाचे कागदही दाखवायचे.

गाडी पास करण्याचे नियम वेगळे झाले का? (वाहन तपासणी क्षेत्रातील वाचक, सावली)

कागद वेगळे झाले, चाचण्या फारशा नाहीत. गाडीच्या मॉडेलला ब्रिटिश संस्थेने दिलेली मान्यता महासंघात चालेनाशी झाली, म्हणून कंपन्यांना २०२० च्या आतच जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन अशा ठिकाणांहून नव्या मान्यता घ्याव्या लागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या वाहन-नियम कराराचे दोघेही सदस्य असल्याने ब्रेक, दिवे, सीटचे पट्टे यांचे चाचणी अहवाल पुन्हा वापरता आले. खर्च वाढला तो दोन फाइली चालू ठेवण्याचा.

भारत-ब्रिटन करारामुळे लँड रोव्हर स्वस्त होणार असं ऐकलं. डिफेंडरसाठी थांबू का? (वाचक, अलकापुरी)

डिफेंडरसाठी या करारावर विसंबून थांबू नका. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करारात ब्रिटिश मूळच्या पेट्रोल-डिझेल मोटारींवरचं शंभर टक्क्यांहून जास्त असलेलं शुल्क ठरावीक कोट्यापुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षं सवलत नाही. पण डिफेंडर आणि डिस्कव्हरी स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे बनतात. कंपनीने तो कारखाना २०१८ मध्ये सुरू केला. म्हणजे गाडी महासंघाची, ब्रिटनची नाही. युरोपशी भारताच्या कराराचा विषय वेगळा. रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्टची जोडणी २०२४ पासून पुण्यात होते, त्यामुळे तयार आयातीवरच्या सवलतीने त्यांच्या किमतीत फार हालचाल होण्याचं कारण नाही.

चेसिस नंबर ‘एसएएल’ने सुरू होतो म्हणून गाडी ब्रिटिश, असं विक्रेता म्हणाला तरी मानू नका. ती अक्षरं कंपनीची आहेत, नित्राच्या गाडीवरही तीच असतात. बुकिंगची रक्कम भरण्याआधी किमतीच्या फोडीत आयात शुल्क किती टक्के धरलं आहे आणि ते कुठल्या मूळदेशावर धरलं आहे, एवढं लेखी मागा.